फस्टी म्हणजे माझाच वास

मित्रांनो, मी अर्धं पिंप आहे. हो, अर्धंच. कधीकाळी पूर्ण होतो. पोट, कंबर, दोन्ही बुडं, सगळं शाबूत. आता माझ्यात माती भरलीय आणि लिंबाचं झाड लावलंय. माझं उरलेलं अंग फाटकापाशी असतं. त्यात काय लावलंय ते मला इथून दिसत नाही. कुणी विचारलंच तर मी सांगतो, बरं चाललंय त्याचं.

माझ्यावरून एक शब्द निघालाय. माझ्या एकट्यावरून नाही, आमच्या अख्ख्या जातीवरून. इंग्रजीत आहे तो. वासाचा शब्द आहे आणि चांगल्या वासाचा नाही. त्या शब्दापायी मी कापला गेलो असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. आता तसं वाटत नाही. शब्द बिचारा काय करणार. माणसंच बोलली नाहीत, त्याला शब्दाचा काय दोष.

पण सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर तुमचा गोंधळ होईल.

मी ओकच्या लाकडाचा. पिंपं बांधणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला बांधलं. झाड तोडलं आणि लगेच पिंप केलं, असं नसतं. माझ्या फळ्या त्याच्या अंगणात आधी नुसत्या रचून ठेवल्या होत्या. ऊन खाल्लं, पाऊस खाल्ला, थंडी खाल्ली. कंटाळा आला अगदी. मग एके दिवशी त्याने एकेक फळी रंध्याने तासली, मधे रुंद, टोकांना निमुळती. गोल उभ्या केल्या, आत जाळ पेटवला आणि बाहेरून पाणी मारत मारत वाकवल्या. आत आग, बाहेर गार पाणी. तशात वर लोखंडी पट्टे ठोकले. पोट पुढे आलं ते तेव्हाच. लोक उगाच म्हणतात की खाऊन आलंय.

पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा मी सगळीकडून गळलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हातारा मात्र बिडी ओढत बसून राहिला. लाकूड पाणी प्यायलं, फुगलं, फळीला फळी चिकटली आणि गळणं आपोआप थांबलं. मग तो मला न्यायला आलेल्या माणसाला म्हणाला, "ह्याला फार दिवस रिकामा ठेवू नका. ठेवलात तर अधूनमधून उघडून बघा. बघितलं नाहीत तर मग मला येऊन शिव्या देऊ नका."

न्यायला आलेला माणूस म्हणजे भाऊ. त्यांचा सिरक्याचा धंदा होता. सिरका म्हणजे तुम्ही बाटलीतून आणता ते व्हिनेगर. घराच्या मागे दगडी फरशीची लांब खोली, भिंतीला लागून आम्ही पिंपं आडवी झोपलेली, एक लहानशी खिडकी. फळांचा रस आमच्या पोटात ओतायचा. तो आधी फसफसतो, मग हळूहळू आंबट होतो, मग मुरतो. आम्हाला काही करावं लागत नाही. नुसतं पडून राहायचं आणि धरून ठेवायचं. कामाचं म्हणाल तर एवढंच, पण ते नीट करावं लागतं.

माझं पोट सगळ्यात मोठं, म्हणून घरात मला ढेऱ्या म्हणायचे. आज ढेऱ्या भरायचाय, ढेऱ्या काढायचाय. वाईट वाटायचं नाही. नाव ठेवलं म्हणजे आपण घरातले झालो.

आता आत्याचं सांगतो.

आत्या म्हणजे भाऊंची मोठी बहीण. भाऊ तिला ताई म्हणत, बाकी सगळं जग आत्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून ती एक पेटी घेऊन भावाकडे राहायला आली. पहिले काही दिवस ती घरात पाहुण्यासारखी वावरली म्हणे. कुठे बसू, काय उचलू, असं. मग एकदा झाडू शोधायला ती आमच्या खोलीत आली. दारातच थांबली. म्हणाली, त्या कोपऱ्यातल्या पिंपात काहीतरी मेलंय. भाऊ हसले. बूच काढून बघितलं तर आत पाल.

त्या दिवसापासून आत्या पाहुणी राहिली नाही. ती घराचं नाक झाली.

हे नाक असणं म्हणजे काय गंमत नव्हती हां. रोज सकाळी ती आमच्याकडे यायची, चहा न घेता. चहा घेतला की नाक बोथट होतं म्हणायची. वासाचा साबण नाही, केसाला तेल नाही, अत्तर तर नाहीच. सगळ्या बायका लग्नाला जाताना घमघमत जायच्या आणि आत्या नुसती साध्या पाण्यासारखी. एकेका पिंपाचं बूच काढायची, भोकाशी वाकायची आणि तीन छोटे छोटे श्वास घ्यायची. मोठा श्वास कधीच नाही. मग जे काय असेल ते सांगायची. हा तयार झाला. ह्याला अजून आठ-दहा दिवस. हा रुसलाय, ह्याच्या तोंडावरचं फडकं बदला.

आणि पिंप रिकामं झालं की खरी परीक्षा. आधी गरम पाण्याने धुवायचं, मग आत गंधकाची वात जाळायची, धूर कोंडून बूच मारायचं. पण एवढ्यावर सोडून द्यायचं नाही. धूर कधीतरी विरतोच. काही दिवसांनी परत उघडून हुंगायचं. वास स्वच्छ असेल तर पिंप "गोड" आहे म्हणायचं, पुन्हा धुरी द्यायची आणि मिटायचं. गोड नसेल तर समजायचं की आत कुठेतरी ओल धरली. मग ते उघडून, खरवडून, वाळवून घ्यायचं. हे गोड आहे की नाही ते फक्त आत्या सांगायची. दुसऱ्या कुणी कधी नाक लावलंच नाही. लावायची गरजच काय, आत्या होती ना.

एकदा भाऊ तिला म्हणाले, ताई, तू अगदी कुत्र्यासारखी हुंगतेस. ती म्हणाली, आणि तू भुंकतोस, म्हणून तर घर राखलं जातंय.

त्या नाकापुढे घरात कुणाचं काही लपायचं नाही. भाऊ गच्चीवर जाऊन सिगारेट ओढायचे, तोंडात वेलदोडा टाकून खाली यायचे, आणि आत्या जेवायला वाढताना फक्त म्हणायची, वेलदोडा संपलाय का रे, आणायला हवा. भाऊंची सून ह्या घरात नवीन आली तेव्हा तिला तर भीतीच वाटायची. सूनबाई शाळेत इंग्रजी शिकवते. बोलायला मोकळी, पण पहिल्या महिन्यात स्वयंपाकघरात काही करपलं की आत्या परसातून विचारायची, काय गं, दुसरं करायला घेतेस की तेच वाढतेस.

पाहुणा आला की भाऊ आत्याची ओळख करून द्यायचे. एकच वाक्य. ही आमची ताई, हिचं नाक आहे म्हणून आमचं चाललंय. पाहुणे मान डोलवायचे. आत्या हसायची. भाऊंच्या बोलण्यात लाडच होता, मला शंका नाही. पण दुसरं वाक्य मी कधी ऐकलं नाही.

मग एका वर्षी आत्या तापाने पडली.

साधासुधा ताप नाही. अंथरूण सोडायची ताकद नाही, खाल्लेलं टिकत नाही. सूनबाईने शाळेतून रजा काढली आणि उशाशी बसून राहिली. भाऊ डॉक्टरकडे चकरा मारत होते. खोलीत आमच्याकडे बघायला कुणाला सवड? मी नेमका तेव्हाच रिकामा झालो होतो. मला धुतलं होतं, धुरी दिली होती, बूच मारलं होतं. मधे उघडून बघायची वेळ आली, तेव्हा भाऊ दारापर्यंत आले आणि म्हणाले, राहू दे, ताई उठली की बघेल. कुणाशी बोलले कोण जाणे, आत आम्हीच होतो.

मित्रांनो, ओल अशी येत नाही की बाबा, मी आले. माझ्या एका बुडाजवळच्या फळीला ती लागली. आधी मला कळलंसुद्धा नाही. मग अंधारात काहीतरी मऊ मऊ उगवल्यासारखं वाटायला लागलं. ओरडायला पिंपाला तोंड असतं, पण त्याला बूच असतं.

आत्या उठली. भिंतीला धरून धरून आमच्याकडे आली. किती हलकी झाली होती. पण सकाळीच आली, चहा न घेता. आधी माझ्याकडे आली. बूच काढलं. तीन छोटे श्वास घेतले.

थांबली.

परत तीन घेतले. मग तिने कधीच केलं नव्हतं ते केलं. नाक भोकात घालून छाती भरून मोठा श्वास ओढला. माझ्या पोटातली सगळी कोंदट हवा तिच्या आत गेली असेल. मला वाटलं, आता ही मागे सरेल, तोंड वाकडं करेल. काहीच नाही. तिथून ती शेजारच्या भरलेल्या पिंपाकडे गेली. ते अगदी जहाल, मुरलेलं. त्यात नाक घातलं तर डोळ्यांतून पाणी आलं, झोंबलं तिला ते. पण झोंबणं वेगळं आणि वास वेगळा. ती माझ्याशेजारच्या स्टुलावर बसली आणि स्वतःचा हात हुंगला. मग बाही हुंगली.

"आता मी इथे काय करू रे," ती म्हणाली. माझ्याशीच. हळू.

तेवढ्यात भाऊ दारात आले. बहीण उठून कामाला लागली म्हणून त्यांचा चेहरा नुसता उजळला होता. त्यांनी विचारलं, काय ताई, ढेऱ्या गोड आहे ना?

आत्याने त्यांच्याकडे बघितलं. इतका आनंदात होता तो माणूस.

"गोड आहे," ती म्हणाली.

बस. एवढंच झालं. पुढचं सगळं ह्या दोन शब्दांतून आलं. मी तिला दोष देत नाही. मी तिच्या जागी असतो तर काय केलं असतं? ज्या एका गोष्टीमुळे आपण ह्या घरात आहोत असं वाटतं, ती गेली म्हणून कसं सांगायचं? कुणाला सांगायचं? आणि सांगितल्यावर ते आपल्याकडे कसे बघतील?

माझ्यात नवा रस ओतला गेला.

पुढचे महिने आत्याने जे केलं ते बघून मला हसू यायचं आणि मग लगेच वाईट वाटायचं. ती रोज यायची, वाकायची, तीन श्वास घ्यायची. सगळं तसंच. मग रसाचा रंग बघायची, बोट बुडवून जिभेला लावायची, कान लावून फसफस ऐकायची. त्यावरून अंदाज बांधायची. बऱ्याच वेळा अंदाज बरोबरही यायचा, इतकी वर्षं केलेलं काम होतं. पण नाक नसलं की जीभही अर्धीच उरते. आंबट कळतं, बाकीचं कळत नाही.

एकदा तिने सूनबाईला बोलावलं. म्हणाली, तुम्ही मुलींनी पण शिकायला हवं हे, मी काय जन्माला पुरणारे का? ये, ह्याचा वास घे बघू, कसा वाटतो सांग. मी अंग चोरून बसलो. म्हटलं, आता कळेल. सूनबाईने लांबूनच नाक पुढे केलं, वह्या तपासायच्या राहिल्या होत्या तिच्या, आणि हसत म्हणाली, आत्या, मला बाई सगळं सारखंच वाटतं, आंबट. आणि गेली.

आत्याने परत बूच लावलं आणि ती पुढच्या पिंपाकडे गेली.

एकदा तर दूध उतू जाऊन खाली लागलं, पातेलं काळं पडलं, आणि आत्या तिथेच शेगडीकडे पाठ करून भाजी निवडत बसलेली. भाऊ धावत आले. सगळे म्हणाले, वय झालं, लक्ष नसतं आता. आत्यानेही मान हलवली. हो, लक्ष नव्हतं. वयावर ढकललं की माणसं पुढे विचारत नाहीत.

मग सिरका बघायला शेफसाहेब आले.

हे एका मोठ्या हॉटेलचे मुख्य शेफ. दर हंगामात स्वतः यायचे, प्रत्येक पिंपातलं थोडं थोडं काढून चाखायचे आणि काय हवं ते ठरवायचे. ढेऱ्यातला माल नेहमी त्यांचाच. बोलायला कमी, पण माणूस सरळ. भाऊंनी माझ्यातून ग्लासात थोडा सिरका काढून दिला. त्यांनी ग्लास फिरवला, नाकाशी नेला, आणि चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. एक घोट घेतला. ग्लास खाली ठेवला.

"थोडा फस्टी आहे," ते म्हणाले.

भाऊंना शब्द कळला नाही. त्यांनी विचारलं तर शेफसाहेबांनाही नीट सांगता येईना. फस्टी म्हणजे फस्टी, म्हणाले, असं घ्यावंसं वाटत नाही. भाऊ आत्याकडे वळले आणि ग्लास तिच्या हातात दिला. आत्याने तीन श्वास घेतले. सगळे तिच्याकडे बघत होते.

"मला तर काही वास येत नाही," ती म्हणाली.

मित्रांनो, त्या खोलीत त्या दिवशी ह्याच्याएवढं खरं कुणी बोललं नाही. आणि ते कुणाला ऐकूही गेलं नाही. भाऊंची छाती फुगली. माझ्या बहिणीला येत नाही म्हणजे नाहीच, म्हणाले. शेफसाहेबांनी वाद घातला नाही. आत्याला नमस्कार केला, पुढच्या वेळी बघू म्हणाले, आणि बाकीच्या पिंपांना हात न लावता निघून गेले.

घरात जेवताना तोच विषय. आमची खोली स्वयंपाकघराला लागूनच आहे, मधलं दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. भाऊ रागाने लाल. फस्टी म्हणे, फस्टी, हा काय शब्द आहे, स्वतःला धड अर्थ सांगता येत नाही. सूनबाई म्हणाली, थांबा, बघून सांगते. तिने मोबाईल बघितला, मग कपाटातून जाड डिक्शनरी काढली, आणि शिक्षिका ती, रंगातच आली.

फस्टी म्हणजे म्हणे बंद जागेचा शिळा वास. ओल, बुरशी, वारा न लागलेला. जुनी ट्रंक उघडली की येतो तसा. पुढे पुढे माणसांनाही म्हणायला लागले, विचार जुनाट असले की. पण मूळ काय होतं सांगू, ती म्हणाली. जुन्या फ्रेंचमध्ये 'फुस्त' म्हणून शब्द होता. त्याचा अर्थ लाकडी पिंप. पिंपात ठेवलेल्या दारूला पिंपाचाच वास लागला, चव लागली, की ती फस्टी. आणि त्याच्याही मागे गेलं तर लॅटिनमध्ये 'फुस्तिस' म्हणजे नुसता सोटा, लाकडाचा दांडका. बघा ना बाबा, ती म्हणाली, दांडक्याचं झालं पिंप, पिंपाचा झाला वास, वासाची झाली खोली, खोलीची झाली म्हातारी माणसं. एक शब्द किती फिरतो.

मी ऐकत होतो. खरं सांगू, आधी मला आनंदच झाला. आपल्यावरून शब्द आहे, पाचशे वर्षं लोक बोलतायत. मग अर्थ डोक्यात शिरला. म्हणजे आमची आठवण जगाने ठेवली ती अशी? इतकं धरून ठेवलं, इतकं मुरवलं, त्यावरून काही शब्द निघाला नाही. सडलो तेव्हा मात्र निघाला.

तेवढ्यात भाऊंच्या चमच्याचा आवाज थांबला.

म्हणजे मुळात पिंपाचा वास, त्यांनी विचारलं. सूनबाई म्हणाली, हो, मुळात. आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. ती घाईने म्हणाली, बाबा, मी शब्दाचं सांगतेय, आपल्या पिंपाचं नाही. पण भाऊ उठले होते. ग्लास घेऊन माझ्याकडे आले, सिरका काढला, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः नीट वास घेतला. बराच वेळ घेतला.

वास होता. त्यांनाही आला. का नाही येणार?

ते परत जाऊन बसले तेव्हा आवाज खाली आला होता. शेफचं बरोबर होतं, म्हणाले. आता मित्रांनो, इथे एखादा माणूस म्हणाला असता की मग ताईला कसा नाही आला? भाऊंच्या मनात ते आलंच नाही. ताईचं नाक चुकेल हे त्यांच्या डोक्यात बसतच नव्हतं. ते म्हणाले, ताईने बघितला तेव्हा गोडच असणार, नंतर फिरला हा. आतून सडलाय ढेऱ्या. बहिणीवरचा विश्वास ढळू नये म्हणून त्यांनी मला सडका ठरवलं. इतका विश्वास. आणि त्या विश्वासाचंच तिला ओझं झालं होतं.

मग त्यांनी विचारलं, ताई, खरवडून निघेल का गं? का गेलाच तो?

हे ओळखायचं तर हुंगावं लागतं. ओल वरवरची असली तर वास एक असतो, लाकडाच्या आत शिरली असली तर दुसरा. आत्याला हे झोपेतही कळायचं.

"तू ठरव," ती म्हणाली.

भाऊंना वाटलं, तिला सांगवत नाहीये. जुनं पिंप, माया असते. म्हणजे ते गेलंच.

सुट्टीच्या दिवशी मला अंगणात आणलं. सिरका मोरीत ओतून दिला. भाऊंनी स्वतःच करवत घेतली, म्हणाले, जाळायला नको, दोन कुंड्या होतील. मला आडवं धरलं आणि बरोबर पोटावर करवत लावली. दुखलं का? मित्रांनो, लाकूड एकदा झाड असताना कापलं जातं, तेव्हाच सगळं दुखून झालेलं असतं. पण आत्या पायरीवर उभी होती आणि मी तिच्याकडे बघत होतो. बोल ना, म्हणत होतो. बोल.

करवत अर्ध्यात गेली. पाऊण गेली. मग मी मधोमध उघडलो.

आत कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. भाऊंनी तोंड फिरवलं. सूनबाईने नाकाला रुमाल लावला. शेजारची बाई कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती, ती बादली उचलून आत गेली. आणि आत्या पायरी उतरून थेट माझ्यापाशी आली. आधी माझ्याकडे बघितलं, मग एकेकाच्या तोंडाकडे.

"सगळ्यांनी नाक धरलंय," ती म्हणाली. "म्हणजे वास येतोय ना?"

कुणाला काही समजेना.

"कसा येतोय? मला सांग," ती सूनबाईला म्हणाली. "तो इंग्रजी शब्द नको. कसा येतोय ते सांग."

सूनबाईने रुमाल काढला. तिचा चेहरा बदलत गेला, तिला बहुतेक सगळं एकदम कळलं. करपलेलं दूध, वास घ्यायला बोलावणं, गेल्या सगळ्या महिन्यांतलं. ती खाली बसली, माझ्या आत डोकं घातलं आणि शब्द शोधायला लागली. ओल्या पोत्यासारखा, म्हणाली. कपाट सरकवलं की मागच्या भिंतीला येतो तसा. आत्याने विचारलं, वर टोचतो का, नाकाच्या शेंड्यात? नाही, बसका आहे, खालीच राहतो. आंबूस आहे की मातकट? मातकट. कुठून येतोय, फळीला नाक लावून बघ. सूनबाई एकेका फळीपाशी गेली आणि बुडाजवळच्या एका फळीवर थांबली. इथून. बाकीच्यांना काही नाही.

आत्याने सुरी मागवली. त्या फळीवरून पातं फिरवलं. काळपट, मऊ असा थर निघाला, कागदाएवढा जाड. खाली लाकूड लख्ख.

"वरवरचं होतं," आत्या म्हणाली. "खरवडून निघालं असतं."

मी दोन तुकडे होऊन पडलो होतो आणि माझं लाकूड ठणठणीत होतं. एकीला काय विचारायचं ते माहीत होतं, दुसरीला वास येत होता. दोघी एकाच घरात, एकाच पंगतीला जेवत होत्या. एवढंच हवं होतं मला वाचवायला, आणि तेवढंही जुळलं नाही.

भाऊंच्या हातात करवत तशीच होती. त्यांनी विचारलं, कधीपासून? आत्या म्हणाली, तापापासून.

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? नाक आहे म्हणून चाललंय असं तूच सांगत आलास सगळ्यांना. नाक गेलं म्हणून सांगितलं असतं तर मग मी कशाला राहू इथे? कुणी म्हणून राहू?"

भाऊंनी करवत खाली ठेवली आणि ते तिच्यासमोर लाकडाच्या भुशातच बसले. मग म्हणाले, "ताई, तू पेटी घेऊन आलीस तेव्हा तुझं नाक कुणाला माहीत होतं गं? तू माझी बहीण म्हणून आलीस. नाकाचं तर नंतर कळलं."

आत्या म्हणाली, "हे तू कधी बोलला नाहीस."

"बोलायचं काय त्यात," भाऊ म्हणाले.

मित्रांनो, आत्या अजून ह्याच घरात आहे. सकाळी सूनबाई हुंगते, आत्या विचारते, दोघी भांडतातसुद्धा. शेफसाहेब पुढच्या हंगामात आले. नाक काही परत आलं नाही. मीही परत जोडला गेलो नाही. पिंप एकदा कापलं की पट्टे कितीही आवळले तरी धरत नाही.

फस्टी ह्या शब्दावर आता माझा राग नाही. त्याने खोटं काही सांगितलं नाही. रिकामं ठेवलं, बंद ठेवलं आणि कुणी उघडून बघितलं नाही की वास लागतो, एवढंच तो सांगतो. मला लागला. तू माझी बहीण म्हणून आलीस, हे भाऊंचं वाक्यही तसंच इतकी वर्षं आत पडून राहिलं होतं. चांगलं वाक्य होतं. पहिल्याच वर्षी बाहेर आलं असतं तर आत्या तापातून उठल्यावर मला गोड म्हणाली नसती.

तुमच्या घरातही कुणीतरी असेल, ज्याची ओळख तुम्ही त्याच्या कामावरून करून देता. हिच्या हाताला चव आहे, ह्याला हिशोब येतो, आजोबांना सगळे रस्ते पाठ आहेत. द्या ओळख, त्यात काही वाईट नाही. पण ते काम त्याच्याकडून होईनासं झालं तरी तो तुमचाच आहे, हे त्याला माहीत आहे असं धरून चालू नका. त्याला माहीत नसतं. तेवढं एकदा तोंडाने सांगा. त्याचं काम अजून चालू आहे तोवर सांगा.

आमच्याकडे करवत आरपार गेल्यावर सांगितलं.